भिंतीला हात लावणारा

राहनाळच्या आमच्या गोदामातून कापडाचे तागे नेणारा एक ट्रकवाला आहे. कुठलंही शहर तो भिंतींवरूनच सांगतो. "हैद्राबादची जुनी कमान भर दुपारी माठासारखी गार हाय. समोरच्या नव्या बिल्डिंगला हात ठेववत न्हाय." अहमदाबाद, जयपूर, सगळीकडे हेच. आधी तळवा टेकवायचा, मग कलिंगड बघतात तसं बोटांनी ठोकून कान लावायचा. आम्ही हसायचो.

मार्चमध्ये गाडी भरेपर्यंत तो माझ्या टेबलापाशी उभा होता. सवयीनं त्यानं माझ्या पाठीमागची भिंत ठोकली. पोकळ आवाज आला. पुन्हा ठोकली, तसाच.

"ही कधीची?"

"नवीच आहे. तीन वर्षं झाली."

त्यानं मला उठवलं आणि टेबल-खुर्ची एकट्यानं ओढत दाराजवळ नेऊन ठेवली.

संध्याकाळी शेठ आले. "मालाची वाट अडते," म्हणाले आणि टेबल परत भिंतीला लावायला लावलं.

तेव्हापासून तो आत पाऊल टाकत नाही. चलनावर सही हवी असली की बाहेरूनच हाक मारतो. मी उठून जातो, सही करतो आणि परत येऊन त्याच भिंतीला पाठ टेकतो.