महालक्ष्मींचा पालक
नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास आला की अंबरपेठच्या आमच्या परसातली माशांची टाकी आठवते. तिचे पाणी पंपाने खडीच्या वाफ्यांत चढे आणि मुळांतून निथळून पुन्हा माशांकडे परते. त्या शेवाळगंधी ओलाव्यावर माझा पालक पोसत होता. महालक्ष्मींच्या सोळा भाज्यांत तोही हवा होता. "माशांच्या घाणीवरची भाजी देवीला कशी चालेल गं?" म्हणत सासूबाईंनी, मी पुरण वाटत असताना, टाकी उपसवली, चकचकीत घासवली आणि थेट नळाच्या पाण्याने भरून मासे परत त्यात सोडायला लावले. नळाचे पाणी दोन दिवस उघडे ठेवल्याशिवाय माशांना सोसत नाही, हे मी त्यांना कितीदा सांगितले होते! "आता खुड पालक," त्या समाधानाने म्हणाल्या. दुपारपर्यंत सगळे मासे रुपेरी पोटे वर करून तरंगू लागले. "लाइट लो, एवढं मनावर नको घेऊस, मासेच तर आहेत," नवरा हसला. पंगतीत सासूबाई म्हणाल्या, "काय कोवळा आलाय गं पालक!" मी वाकून विचारले, "अजून वाढू का?" सासूबाईंना मी अजून माफ केलेले नाही, माझ्या त्या गोड आवाजाला तर नाहीच.