उदगीरची मांजरं आणि आम्ही तिघं

माझा दवाखाना उदगीरच्या मोंढ्याजवळ. पाटीवर 'जनावरांचा दवाखाना' असं लिहिलंय, पण गावात विचाराल तर लोक सांगतील, "ती मांजरं धरणारी डॉक्टरीण का? पुढच्या वळणाला!" भटकी मांजरं पकडायची, नसबंदी करायची आणि सोडून द्यायची, एवढंच आमचं काम. मांजरांची वाढ थांबवता येते हो, किश्श्यांची नाही थांबवता येत!

आम्ही तिघं. एक मी. दुसरे सलीमभाई, त्यांचं वेल्डिंगचं दुकान, आमचे सगळे पिंजरे त्यांच्या हातचे. तिसरे बसवराज अप्पा. आडतीचा धंदा मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले, गळ्यात इष्टलिंगही आणि दुर्बीणही. खरं तर हे सगळं सुरू केलं अप्पांनीच. एक दिवस दवाखान्यात येऊन म्हणाले, "मॅडम, किल्ल्यामागच्या माळावर पाखरं बघायला जातो आन् पिसं बघून येतो. मांजरांनी चंडोल ठिवला न्हाई, तित्तर ठिवला न्हाई. कायतरी करा."

केलं!

* * *

पहिला पिंजरा मोंढ्यात लावला. सलीमभाईंनी आत ठेवायला सुकट काढली. अप्पा शुद्ध शाकाहारी. उपरणं नाकाला लावून म्हणाले, "अय्यो! दूध ठिवा की ओ. मांजर दूध पितंय."

दूध ठेवलं. आधी माशा आल्या. मग मुंगळे. मग कुणाची तरी शेळी आली आणि पिंजऱ्यात मान अडकवून बसली. मांजरं समोरच्या पोत्यांवर बसून हा तमाशा बघत होती.

शेवटी अप्पांनी तोंड फिरवलं. "घाला तुमचं ते काय हाय ते."

सुकट घातली आणि चहा संपायच्या आत मांजर पिंजऱ्यात! पण उरलेलं पुडकं ठेवायचं कुठं? सलीमभाईंनी ते हळूच अप्पांच्या पिशवीत सरकवलं आणि विसरून गेले. अप्पा घराकडं निघाले. पुढं अप्पा, मागं मोंढ्यातली उरलेली सगळी मांजरं!

घरी त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, उंबऱ्यावरच अडवलं. "आत येऊ नका. आधी सांगा, काय खाऊन आलाव?"

* * *

ऑपरेशन झालेलं मांजर ओळखू यावं म्हणून बेशुद्धीतच त्याच्या डाव्या कानाचं टोक जरासं कापतात. हे मी एका कार्यक्रमात नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी निलंग्याहून फोन.

"मॅडम, मांजराची पिल्लं बंद करायची हायेत. तुम्ही लांब पडता. कानाचं तेवढं मी घरीच करू का?"

* * *

सलीमभाईंचं स्वतःचं एक मांजर होतं. नवाब. नवाबाचं ऑपरेशन करू म्हटलं की ते उखडायचे. "नक्को मॅडम! खानदानी मर्द है वो. उसकी शान जाती."

मग नवाब सुस्त झाला. खाणं वाढलं, पोट वाढलं, जवळ गेलं की फिस्कारायचा. घाबरून सलीमभाई त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आले. मी पोटाला हात लावला आणि हसू दाबत म्हटलं, "सलीमभाई, नवाबाला दिवस गेलेत."

सलीमभाईंनी टॉवेल नीट केला. मग नवाबाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "तभीच तो मैं बोलूं, इत्ता गुस्सा कायकू करता!"

* * *

पाखरांना आधीच चाहूल लागावी म्हणून आम्ही पाळलेल्या मांजरांच्या गळ्यात घंटी बांधायची मोहीम काढली. मोंढ्यातल्या एका शेठनी हौसेनं गोदामातल्या मांजरीला घंटी बांधली. आठवड्यानं तणतणत आले.

"मॅडम, तुमची घंटी घ्या परत!"

"का हो? चिमण्या वाचल्या नाहीत?"

"चिमण्याचं मला ठावं न्हाई. माझ्या गोदामात उंदरांची शाळा भरायलीय! घंटी वाजली की आत, घंटी थांबली की भाईर!"

* * *

एकदा मी मन लावून टाके घालत होते. अप्पा शेजारी उभे. अचानक विचारलं, "मॅडम, आता हे पाखरं मारायचं सोडतंय का?"

"नाही अप्पा. पिल्लं होणार नाहीत. भूक लागणारच."

"मग आपण काय करायलोय?"

"पुढची शंभर मांजरं थांबवायलोय."

अप्पांनी विचार केला. मग टेबलावरच्या बेशुद्ध मांजराकडे वाकून म्हणाले, "तुझं तू बघ बाबा. पण तुझ्यावर खानदान संपलं."

* * *

आता माळावरची गोष्ट. यंदा उन्हाळ्यात तिथं टिटवीनं अंडी घातली. उघड्या जमिनीवर, खड्यांत खड्यासारखी. गेल्या वर्षीची पिल्लं एका पिवळ्या बोक्यानं नेली होती, आणि तो बोका काही केल्या पिंजऱ्यात येत नव्हता. सुकट नाही, कोंबडीचं काळीज नाही, कशालाच भुलेना.

अप्पांनी राखण सुरू केली. सकाळ-संध्याकाळ काठी आणि छत्री घेऊन माळावर. पण टिटवीला कोण सांगणार? तिच्या लेखी सगळ्यात मोठा चोर अप्पाच! ते दिसले की नर-मादी दोघं किंचाळत डोक्यावर झेपावायचे. अप्पा छत्रीखालून ओरडायचे, "आगं, मी तुझ्या बाजूचा हाय!"

एका संध्याकाळी सलीमभाई आणि मी पिंजरा बघायला गेलो, तर गवतातून बोका अंड्यांकडं सरकत होता. अप्पा काठी उगारून धावले. टिटव्या उठल्या आणि दोघं मिळून अप्पांवरच! छत्री उलटी झाली, टोपी उडाली, अप्पा आपटले. मग टिटव्यांना बोका दिसला. असा काही कल्लोळ केला की बोका जीव घेऊन पळाला आणि लपायला दिसेल त्या भोकात घुसला. ते आमच्या पिंजऱ्याचं दार होतं! दार खाडकन पडलं.

"आईये जनाब!" सलीमभाई म्हणाले.

ऑपरेशन करून बोका गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका दाळ मिलमध्ये राहायला गेला.

थोड्याच दिवसांत अप्पांचा फोन आला. आम्ही पळतच माळावर गेलो. लांब पायांची, कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं खड्यांतून तुरुतुरु पळत होती. अप्पांचे डोळे भरले. नीट दिसावं म्हणून ते एक पाऊल पुढं सरकले, तोच टिटवी किंचाळत आली आणि त्यांच्या टकलावर पंख आपटून गेली.

अप्पांनी हात जोडले.

"आसंच पायजे," ते म्हणाले. "माझ्यावर बी भरवसा ठिवू नको."