विनंती थांबा

आमच्या समोरच्या घरात राहणारे गृहस्थ माणूस नसून गाडी आहेत, असं माझं आता ठाम मत झालं आहे. बत्तीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टरकी करून ते निवृत्त झाले. म्हणजे गाडी सुटली, कंडक्टर अजून ड्यूटीवरच आहेत. घराबाहेर पडताना ते लोखंडी फाटक ओढून घेतात आणि त्यावर किल्लीनं दोनदा वाजवतात, म्हणजे गाडी सोडायची 'डबल' देतात. त्याशिवाय त्यांचा पाय उचलत नाही. देवळात प्रदक्षिणा घालताना पुढच्याला "सरका पुढं, पुढं जागा हाय" असं सांगतात. एका लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी "कुठपर्यंत?" असं विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. त्या माणसानं "जिलबीपर्यंत" असं उत्तर दिलं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

साठी झाली की लोक शांती करतात. यांनी बूट आणले. जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये आपण पूर्ण बेचाळीस किलोमीटर धावणार, आणि त्यासाठी जे पैसे जमतील ते कर्करोगावरच्या संशोधनाला देणार, असं त्यांनी आमच्या ओट्यावर बसून जाहीर केलं. मी आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात घालवलं आहे. त्यामुळे मोठ्या घोषणा ऐकल्या की मी आधी पान उलटून मागं काय आहे ते बघतो. इथं मागं एक ड्रायव्हर होते. सावर्ड्याचे. कंडक्टरांनी त्यांच्याबरोबर सलग एकवीस वर्षं एकाच गाडीवर काढली होती. या ड्रायव्हरांचा आवाज असा, की गाडीचा हॉर्न बिघडला तरी तीन दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. घाटातल्या म्हशी त्यांना नावानिशी ओळखत. त्यांना घशाचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलत.

"मग पैसे त्यांच्या औषधाला का देत नाही?" मी विचारलं.

"इचारलं ना मी. पाटीवर लिवलान, 'माझं चाललंय. पुढच्याचं बघ.'" वर म्हणाले, "सर, गाडी बंद पडली तर मेकॅनिक येतो, चालू करून जातो. पण तीच गाडी परत परत तिथंच का बंद पडते, ते कोणीतरी खाली शिरून बघाय पायजे का नको?"

संशोधनाची याहून बरी व्याख्या माझ्या ग्रंथालयात नव्हती.

देणग्या गोळा करण्याची त्यांची पद्धतही खात्याच्या नियमांना धरून होती. पावतीपुस्तक त्यांना मंजूर नव्हतं. त्यांनी छापखान्यातून जुन्या धर्तीची तिकिटं छापून आणली. देणगी देणाऱ्यानं रत्नागिरीहून हव्या त्या गावाचं तिकीट काढायचं, कंडक्टर ते पंच करून देणार आणि सरावात तेवढं अंतर धावून दाखवणार. मी दयाबुद्धीनं शहराला लागूनच असलेल्या नाचणे गावाचं तिकीट मागितलं, तर ते दुखावले. "एवढ्यासाठी गाडी काढू?" शेवटी मी हातखंब्याचं घेतलं. ज्यांच्याशी त्यांचं बांधावरून वाजलेलं होतं त्या वकिलांनी मोठ्या उदारपणानं थेट पालीचं तिकीट काढलं, आणि कंडक्टर तितक्याच उदारपणानं धावले. परत येऊन वकिलांच्या दारात उभे राहिले. "परतीचं काढणार का? बसूनच आलो असतो, पण बसाय जागा नव्हती." तिकिटावर मागं बारीक अक्षरात एक नियमही होता: गाडी शेवटच्या थांब्यावर वेळेत न पोचल्यास पैसे परत. हा नियम काढून टाका म्हणून मी परोपरीनं सांगितलं. मॅरेथॉनला सात तासांची मर्यादा होती. सात तास आणि एक मिनिट झालं असतं तर संशोधनाला काहीच मिळालं नसतं. ते म्हणाले, "तिकीट फाडलं म्हंजे माणूस पोचला पायजे. नायतर ती भीक झाली."

सराव शिकवायला एक तरुण प्रशिक्षक होते. त्यांनी पहिल्याच दिवशी खांद्यावरची चामड्याची बॅग उतरवायला सांगितली. "तिच्याशिवाय तोल जातो," असं म्हणून कंडक्टरांनी ती उतरवली नाही. प्रशिक्षकांनी रंगीत पेय दिलं. हे मीठ घातलेलं कोकम प्यायले. न्याहारीला उकड्या तांदळाची पेज. वळण आलं की शरीर नेमकं उलट्या बाजूला कलायचं, जसं चालत्या गाडीत उभ्या माणसाचं कलतं. त्यांच्या पत्नी फाटकात उभ्या राहून हे सगळं बघत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत, "जन्मभर लोकं यांच्या गाडीमागं धावली. आता फेडतायत."

पण खरी अडचण वेगळी होती, आणि ती प्रशिक्षकांच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. कंडक्टरांनी बत्तीस वर्षांत रस्त्याच्या कडेला वर झालेला एकही हात मागं टाकला नव्हता. विनंती थांबा असो वा नसो, हात दिसला की घंटी. आता धावतानाही हात दिसला की पाय आपोआप थांबत. सरावात ते एकदा दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईसमोर थांबले, एकदा आंबा मोहोरलाय का ते बोटानं दाखवणाऱ्या बागायतदारासमोर.

स्पर्धेच्या सकाळी समारंभ रीतसर झाला. व्यासपीठामागच्या फलकावर प्रमुख पाहुण्यांचा चेहरा एवढा मोठा होता की कर्करोग हा शब्द शोधायला मला चष्मा पुसावा लागला. पाहुण्यांनी धावण्याचं महत्त्व पस्तीस मिनिटं बसलेल्या घशानं समजावलं. तेवढ्यात ऊन वर आलं. मग धावणारे सुटले, आणि दुतर्फा उभ्या असलेल्या शेकडो रत्नागिरीकरांनी उत्साहानं हात वर केले.

आमचे कंडक्टर पहिल्या शंभर पावलांत चार वेळा थांबले.

मी स्कूटर घेऊन शेजारच्या रस्त्यानं पुढं गेलो. त्यानंतरचे सहा तास मी आरे-वाऱ्याच्या त्या सुंदर किनाऱ्यावर "हात खाली! कृपा करून हात खाली!" असं ओरडत हिंडत होतो. लोकांना वाटलं, मी स्पर्धेच्या विरोधात आहे. शाळेच्या मुलींनी ऐकलं. एका आजींनी "का रे, पुरस्कार काय तुझ्या बापाचा हाय?" असं विचारलं. पोलिसाला मात्र सांगता येईना. धावणाऱ्यांसाठी वाहनं अडवायची म्हणून तो बिचारा हात वर करूनच उभा होता. त्याच्यापाशी कंडक्टर तीनदा थांबले.

परतीच्या वाटेवर, शेवटचे दोन किलोमीटर राहिले असताना, एका वडाखालच्या बसथांब्यावर मला ते बसलेले दिसले. दोन्ही पोटऱ्या आखडल्या होत्या. घड्याळात सव्वीस मिनिटं उरली होती.

"सर," ते म्हणाले, "गाडी बंद पडली. सगळ्यांचे पैसे परत करायला लागणार."

तेव्हा थांब्याच्या पलीकडून एक माणूस आला. गळ्याभोवती मफलर, बरोबर मुलगी. सावर्ड्याहून सकाळच्या गाडीनं आलेले ड्रायव्हर. त्यांनी हात वर केला नाही. पाटीही काढली नाही. कंडक्टरांकडे नुसतं बघितलं, आणि बोटातली अंगठी थांब्याच्या लोखंडी खांबावर आपटली. दोनदा.

कंडक्टर उठले. कसे उठले ते प्रशिक्षकांनी सांगावं, मला सांगता येणार नाही. चार मिनिटं राखून गाडी पोचली. पदक गळ्यात पडल्यावर पहिलं वाक्य निघालं ते ड्रायव्हरांच्या नावानं: "एकवीस वर्षं डबल मी मारली. मेल्यानं आज माझी ड्यूटी केलान."

दिवाळीनंतर ड्रायव्हर गेले.  कंडक्टरांनी आठवड्याभरात नवी तिकिटं छापून आणली. यंदा मी न सांगता शेवटच्या थांब्याचं घेतलं.

या जानेवारीत त्यांची तयारी उत्तम होती, आणि रत्नागिरीकरही आता शहाणे झाले आहेत. कडेला उभे राहून नुसत्या टाळ्या वाजवतात. वेळ भरपूर हातात होता. तरी त्या वडाखाली ते थांबले. कोणाचाही हात वर नव्हता. पाय दुखत नव्हते. बॅगेचा पट्टा धरून ते खांबाकडे बघत नुसते उभे राहिले. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. मला समारंभाचं वावडं आहे. मी स्कूटरची किल्ली काढली आणि खांबावर दोनदा वाजवली.

"डबल द्यायला एवढा वेळ, सर?" मागं न बघता ते म्हणाले, आणि निघाले.

मी मात्र तिथंच उभा राहिलो, ते वळणावर नेमके उलट्या बाजूला कलून दिसेनासे होईपर्यंत. किल्लीच्या आवाजानं खांब अजून बारीक थरथरत होता. त्यावर हात ठेवला, तेव्हा कळलं, इतका वेळ ते इथं कोणाच्या डबलची वाट बघत होते.