शुभ बोला, अण्णा

बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर आलं की तुम्ही-आम्ही काय करतो? बटण दाबतो. नाही चाललं की पुन्हा दाबतो, मग जोरात दाबतो, मग शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून त्याला दाबायला लावतो. अण्णा बटणाकडे बघतही नसत. ते मागच्या बाजूला जात, पंख्याच्या जाळीला नाक लावून दोनदा वास घेत आणि चष्मा कपाळावर सरकवून निकाल देत. "आठ दिवस." किंवा, "हा डबा दसरा बघेल, दिवाळी नाही." कॉम्प्युटरला ते नेहमी डबाच म्हणत.

चामराजपेटेत, मार्केटकडे जाणाऱ्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढंच. त्यांचे पूर्वज बेंगळुरात कधी आले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठीच बोलत, पण तिच्यात कन्नड इतकी मुरलेली की पुण्याहून लग्न होऊन आलेल्या मला सुरुवातीला त्यांचं निम्मंच कळे. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी मला अक्का म्हणत. दुरुस्तीला डबा नेला की "स्वल्प थांबा अक्का, आधी त्याला श्वास घेऊ दे," असं म्हणून तो उघडून नुसता ठेवून देत आणि शांतपणे कॉफी पीत.

पेठेत त्यांच्या हाताचं कौतुक होतं आणि जिभेची भीती. काळ्या जिभेचा माणूस, असं लोक उघड म्हणत. ते बोलले आणि झालं नाही, असं फारसं घडत नसे. याचं कारण अगदी साधं होतं आणि ते त्यांनी मला एकदा दाखवलंही होतं. जुन्या डब्यातल्या सर्किटच्या पाटीवर छोटी छोटी नळकांडी असतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. ती म्हातारी झाली की त्यांची डोकी पुरीसारखी फुगतात. "मला फुगलेलं दिसतंय, म्हणून मी बोलतों. त्यात जिभेचं काय आलं?" मी डिप्लोमा केलेली बाई, मला लगेच पटलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायलासुद्धा नव्हे, अण्णांना फांदी आधीच पोखरलेली दिसायची.

पण एकदा बोळातल्या कापडवाल्याच्या बॅटरीच्या पेटीवर हात ठेवून ते म्हणाले, "ही आज काढा, जाळेल." कापडवाला हसला. चौथ्या दिवशी त्याचं निम्मं दुकान जळालं. पेटी का काढली नाही, हे त्याला कुणी विचारलं नाही. अण्णांना मात्र लोकांनी महिनाभर आपापल्या दुकानांच्या पायऱ्या चढू दिल्या नाहीत. तेव्हापासून पेठेत त्यांना कामाला बोलावताना आधी हात जोडायची पद्धत पडली. "शुभ बोला हां, अण्णा." तेही हसून "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत आणि थोड्या वेळाने जे खरं तेच बोलत.

मी बोम्मसंद्र्याला एका छोट्या कारखान्यात होते. आम्ही चौदा माणसं, बारीक दात्यांची चाकं करायचो. प्रत्येक चाक मोजून त्याचा दाखला मालाबरोबर द्यावा लागे, आणि मोजणारं यंत्र चालायचं एका जुन्या कॉम्प्युटरवर. त्यातला प्रोग्राम करून देणारी कंपनी कधीच बंद झाली होती. यंत्राचे सगळे बारकावे, सगळे आकडे त्या एका डब्यात. दुसरीकडे नक्कल का करून ठेवली नव्हती, असं तुम्ही विचाराल. मालक म्हणायचे, चालतंय ना, मग हात लावू नका. त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं होतं की हे यंत्र गेलं की नवं घेणार नाही, शेड भाड्याने देऊन मोकळा होईन. त्यामुळे त्या डब्यावर चौदा घरं उभी होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

अण्णांना तिथे मीच पहिल्यांदा नेलं. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "हा फिरतोय तंवर फिरू दे. बंद करू नका. गार झाला तर उठणार नाही." मग माझ्याकडून खडू मागून त्यांनी डब्यावर स्वतः लिहिलं, 'बंद करू नये'. एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये. तो डबा पुढे सहा वर्षं रात्रंदिवस घरघरत राहिला.

मग त्या वर्षीची आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात, इथे लेथपासून लॉरीपर्यंत सगळ्याला गंध-फुलं लागतात, दारात कोहळा फुटतो आणि यंत्रांना सुट्टी मिळते. दरवर्षी आम्ही त्या डब्याला चालू ठेवूनच हळदकुंकू लावायचो. त्या वर्षी कामं कमी झाली होती, मालक घाबरलेले होते. पूजा अर्धवट राहते म्हणूनच बरकत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. एकही यंत्र चालू नको, म्हणाले. दसरा झाला की वर्षातली सर्वांत मोठी ऑर्डर देणारे लोक तपासणीला येणार होते. देवाला नाराज करायची ती वेळ नव्हती. बंद मी केला. खडूच्या अक्षरांवर हळदीची बोटं ओढली, तेव्हा मनात पाल चुकचुकली, पण बोटं थांबली नाहीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. दिवा नाही, पंखा नाही, टिकसुद्धा नाही. मालक माझ्यामागे उभे होते. तपासणीची माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती. मी फोन उचलला तेव्हा मालक म्हणाले, "त्यांना बोलवा. पण सांगा, इथे आल्यावर तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही." आणि हे मी अण्णांना सांगितलं. पोटच्या मुलीच्या वयाच्या बाईने सांगितलेलं त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सरी."

दोन बस बदलून ते आले. फाटकापासून आतपर्यंत खरोखरच एक शब्द बोलले नाहीत. एरवी काम करताना त्यांची कॉमेंट्री चालायची. डब्याला दटावत, चुचकारत. त्या दिवशी फक्त पेचकसाचा आवाज येत होता, आणि आम्ही चौदाजण भिंतीला टेकून उभे होतो. दवाखान्यात डॉक्टर गप्प राहून तपासायला लागला की कसं होतं, तसं आम्हाला होत होतं.

भिंतीतल्या सॉकेटला त्यांनी टेस्टर लावला. वीज होती. वायर बदलली, तरी काही नाही. डबा उघडला. आत धुळीचा थर आणि त्यावर आमच्या पूजेचं कुंकू. बटणाच्या दोन बारीक वायरी काढून त्यांनी पेचकसाच्या टोकाने तिथेच ठिणगी द्यायचा प्रयत्न केला, म्हणजे दोष बटणात आहे का ते कळावं. नाही. मग वीज पुरवणारी पेटी बाहेर काढली, तिच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत कागदाची टाचणी वाकवून बसवली. पेटीचा पंखा फिरला. मागे कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच हात खाली घेतला. याचा अर्थ पेटी ठीक होती, दोष आत, पाटीतच होता. अण्णांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि पाटीकडे बोट दाखवलं. पाच नळकांड्यांची डोकी टम्म फुगलेली होती.

ते उठले. पॅकिंगच्या टेबलावर प्लॅस्टिक आवळायची गरम हवेची गन होती, ती घेऊन आले. आधी स्वतःच्या तळव्यावर हवा सोडून अंदाज घेतला, मग त्या पाच डोक्यांवर लांबून, गोल गोल फिरवत शेकत बसले. गार झालेल्या म्हाताऱ्याचे हातपाय चोळावेत तसं चाललं होतं. पाच-सात मिनिटांनी त्यांनी पेटी परत जोडली आणि बटणाच्या जागी पेचकस टेकवला. पंखा थरथरला, अडखळला आणि फिरला. बीप असा आवाज आला. पडद्यावर अक्षरं उमटली, आणि आम्ही अक्षरशः ओरडलो. मालकांनी डब्याला नमस्कार केला. अण्णांना कुणी केला नाही.

ते अजून खाली वाकलेलेच होते. डब्याच्या पोटाला कान लावला होता त्यांनी. बराच वेळ. मग मान वर केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलं. "अक्का, ह्याची ती..."

मी हात वर केला. त्यांच्या तोंडासमोर, पंजा पसरून. "अण्णा, नको. शुभ बोला नाहीतर बोलूच नका." सहा वर्षं त्यांच्या दुकानात बसून कपॅसिटर शिकलेली मी. अंधश्रद्धेला हसणारी मी. त्या क्षणी मला फक्त भीती वाटत होती की त्यांनी आकडा उच्चारला की तो खरा होईल.

त्यांनी तोंड मिटलं. हत्यारं पिशवीत भरली, कुंकवाचे हात पुसले आणि गेले. कागदावर लिहून द्यायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. ज्याच्या तोंडावर हात धरला त्याने वर चिठ्ठी का लिहावी? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. तपासणीची माणसं आत बसली होती, हे खरं आहे. पण मी मोकळी असते तरी उचलला नसता.

तपासणी छान झाली. ऑर्डर मिळाली. नवव्या दिवशी सकाळी डबा चालूच होता, पंखा फिरत होता, आणि पडद्यावर एकच ओळ होती, की हार्ड डिस्क सापडत नाही. आतून कट-कट असा आवाज येत होता. आकडे गेले, प्रोग्राम गेला, दाखले थांबले. तयार माल दाखल्याविना पडून राहिला आणि ऑर्डर परत गेली. मालकांनी बोलल्याप्रमाणे केलं. आता त्या शेडमध्ये कुणाचं तरी गोदाम आहे.

कारखाना बंद झाल्यावर मी चामराजपेटेत गेले. अण्णा एका पाटीवरची धूळ ब्रशने काढत होते. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय सांगणार होतात?" त्यांनी ब्रश थांबवला नाही. "आठवत नाही, अक्का." वीस वर्षांपूर्वी कुणाच्या डब्यात कुठली पाटी होती हे ज्यांना आठवायचं, ते हे म्हणाले. "स्वल्प बसा, कॉफी सांगतों." मी कॉफी प्यायले. रडूही आलं थोडं. त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं.

पुढच्या पावसाळ्यात ते वारले. मी तेराव्याला गेले होते. त्यांच्या बायकोने मला ओळखलं, जवळ बसवून जेवायला वाढलं आणि वाढता वाढता सांगू लागल्या, "तुमच्या बोम्मसंद्र्याहून आले त्या दिवशी जेवले नाहीत हो. म्हणाले, डब्यातली तबकडी घासतीय, आठ दिवस काढेल. त्यात सगळं दुसरीकडं उतरवून घ्या म्हणून सांगणार होतों, मीच येऊन करून देतों म्हणणार होतों. सांगूच दिलं नाही म्हणे. कुणीतरी तोंडापुढं हात धरला. कोण हो ते? मी किती विचारलं, नाव काही सांगितलं नाही त्यांनी."

पंगत जेवत होती. मी पानाकडे बघत म्हणाले, "गर्दी होती तिथे. आठवत नाही."

अण्णांचं खोटं माझ्यासाठी होतं. माझंही माझ्याचसाठी.

"असेल," त्या म्हणाल्या, आणि नको नको म्हणताना माझ्या पानात आणखी एक होळिगे, इथली पुरणपोळी, वाढून पुढे गेल्या.