शेळीची आडवी बाहुली

"ओणवी हो," मास्तर म्हणाले. "शेळ्यांचं एवढं कौतुक आहे ना? मग बें बें कर आणि बस जागेवर."

मी नऊ वर्षांची होते. संस्थानाचा काळ. शाळा देवळात भरायची. मुली दोनच, मी आणि पाटलांची लेक. आमचा धनगरवाडा पासली गावाच्या वर, डोंगरात. शाळेसाठी मी रोज दोन तास उतरून यायचे.

गुन्हा एवढाच, की मी विचारलं होतं, "मास्तर, मानसाच्या डोळ्यातली बाहुली गोल, मांजराची उभी. मग शेळीची आडवी का?"

मास्तरांना ठाऊक नव्हतं. तसं म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

मी ओणवी झाले. बें बें केलं. पोरं हसली. पाटलांची लेक माझी करवंदं खायची, तीही हसली. तेच जास्त लागलं. मग तो रिवाजच पडला. रोज दारात ओणवं होऊन ओरडल्याशिवाय आत घेत नसत. मी करायचे. लाज वाटायची, तरी करायचे. मला वाचायला यायला हवं होतं.

घरी आईला तोच प्रश्न विचारला. "आपल्याला काय करायचं हाय गं त्याचं? दूध देती न्हवं?" आई वाईट नव्हती. तिलाही कुणी कधी काही विचारू दिलं नव्हतं. बाप म्हणाला, "मास्तर शाना मानूस. मान खाली घालून शिकावं."

मग बोलायचं कुणाशी? सुट्टीच्या दिवशी शेळ्या घेऊन एकटीच माळावर गेले. आमच्या चांदी शेळीशेजारी गवतात पालथी पडले आणि तिचा डोळा बघत राहिले. चांदीनं चरायला मान खाली घातली. आता बाहुली उभी व्हायला हवी होती. झाली नाही. डोळाच आतल्या आत फिरला, आणि बाहुली जमिनीला धरून आडवीच राहिली. तिनं मान वर केली, पुन्हा घातली. दरवेळी तेच. सांगायला कुणीच नव्हतं. चांदीलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिले.

"ओणवी हो."

"न्हाई व्हनार. शेळी मान खाली घालती, पर तिची बाहुली आडवीच ऱ्हाती. म्या बगितलंय. तुमी बगितलंय का?"

या वेळी कुणी हसलं नाही. मास्तरांनी माझी पाटी अंगणात भिरकावली. "चालती हो. पुन्हा पाय ठेवू नकोस."

पाटीचा तुकडा उचलला आणि डोंगर चढले. वाटभर रडले. पुन्हा शाळा नाही. सोळा वर्षं झाली. जोडाक्षरं मला आजही अडतात.

बाहुली आडवी का, तेही अजून कळलेलं नाही. माझी लेक आता मला विचारते. कामाचा खोळंबा होतो, होऊ दे. हातातलं टाकते आणि तिच्याबरोबर गवतात पालथी पडते.

उद्या ती त्याच शाळेत जायची आहे. मास्तर तेच आहेत. मी तिच्याबरोबर उतरणार, आणि शाळा सुटेपर्यंत देवळाच्या दारात बसणार. उद्या, परवा, रोज. तिनं प्रश्न विचारला म्हणून तिला ओणवं करायचं असेल, तर आधी मला करावं लागेल. मी होणार नाही.