चिमाजी मास्तरांची दोन बोटं

पालीजवळच्या एका वाडीत चिमाजी मास्तर शाळेवर आले, तेव्हा भोर संस्थानाचा अंमल होता. मास्तर बुटके, रुंद, पायलीच्या मापासारखे. पाढे घेताना आवाज बसलेला, पण हुतूतू म्हटलं की काचा मारून पोरांच्या आधी मैदानात हजर. जोर-बैठका काढायला लावायचे, नखं बघायचे, दात बघायचे. लोकांना ते पटलं. पटली नाही ती एकच गोष्ट. डाव मांडायच्या आधी ते पोरांना ओळीनं उताणं निजवत, डाव्या बरगडीखाली दोन बोटं रोवत आणि म्हणत, "दम घे. चढाईला घेतोस तसा."

सोनबा म्हणून म्हातारा, एके काळचा पैलवान, पारावरून विचारायचा, "ह्यो मास्तर हाय का सुईण?" सगळा पार हसायचा. मास्तरही हसत, पण बोटं काढत नसत.

त्याला कारण होतं. पहिल्या नोकरीवर, लांबच्या एका खोऱ्यात, त्यांनीच लावलेल्या डावात एका पोराच्या पोटाला गुडघा लागला होता. लागला म्हणजे काय, पोरांना रोज लागतो तेवढाच. पोरगं उठलं, घामानं भिजलं, पाणी मागितलं आणि दिवेलागणीच्या आत गेलं. पुढं भोरात एका डॉक्टरांनी सांगितलं, हिवतापानं पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजते, बरगडीखाली उतरते, आणि नुसत्या धक्क्यानं फुटते. पोरगं हिंडतंफिरतं असतं, म्हणून कळत नाही. "मोठा दम घेतला की बोटाला लागते," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मास्तरांना पोराचा चेहरा मागाहून दिसायचा, पोट आधी. बोटाला काही लागलं की हुतूतू बंद, कोयनेलची कडू गोळी समोर उभं राहून गिळवायची आणि जीभ उचलून बघायची.

छत्तीस सालच्या जत्रेत शेजारच्या गुंजवण्याच्या पोरांशी सामना ठरला. मानाचा नारळ चार वर्षं तिकडंच जात होता. सोनबानं महिनाभर स्वतः उभं राहून पोरं घोटली होती. यंदा वाडी जिंकणार, असं झाडाझुडपांनासुद्धा ठाऊक झालेलं.

गुंजवण्याचा मानसिंग अंगरखा काढून पुढं आला. दंड असे की बघत राहावं. मास्तरांची नजर मात्र खाली गेली. डाव्या बरगडीखाली डागाच्या तीन काळ्या रेघा होत्या. पानथरीवर तापल्या विळ्याचा डाग देतात, हे मावळात कोणाला सांगायला नको.

"बाळ, जरा निज रे."

"हितं? समद्यांम्होरं?"

मानसिंग हसत निजला. त्यानं दम घेतला आणि मास्तरांच्या बोटांना बरगडीच्या चार बोटं खाली पानथरीची कठीण कड टेकली.

"याला खेळवू नका," मास्तर गुंजवण्याच्या गेनबांना म्हणाले. गेनबा त्यांचे पंच.

"वा मास्तर. हार दिसाया लागली म्हनून प्वाट चापता व्हय? मानसिंग न्हाई तर डाव न्हाई."

"ताप तर दिवाळीतच गेला माझा," मानसिंग म्हणाला. "म्या खेळनार."

सोनबानं मास्तरांचा दंड धरला. "गुमान शिट्टी मारा. गावाची लाज काढू नका."

शिट्टी हातात होती. मास्तरांनी ती खिशात टाकली, पाटावरचा नारळ उचलला आणि गेनबांच्या ओंजळीत ठेवला. "आम्ही हरलो. आता तरी याला निजू द्या."

वाडी परत निघाली. पोरं रडत होती. सोनबा तर मास्तरांच्या सावलीलाही बगल देऊन चालला. पण मास्तरांना खरा घोर वेगळाच होता: आठ दिवसांवर दुसऱ्या गावची जत्रा, तिथंही मानसिंग उतरणारच. फळ्यावर सहा आणि सहा तेरा लिहिलं, तर पोरांनी भीतीनं तेही पाठ केलं.

सहाव्या दिवशी गोळ्यांची पुडी बांधून ते गुंजवण्याच्या वाटेला लागले. अर्ध्या वाटेत एक बाई आणि तिच्यामागं मान खाली घातलेला मानसिंग.

"म्या फुलाबाई, ह्याची आई," ती म्हणाली. "डाग म्याच दिला हुता. समदे म्हन्ले, मास्तरानं डाव टाळला. म्या म्हन्लं, जितायचा डाव सोडून नारळ कोन देतं? त्याला कायतरी दिसलंय."

मास्तर तिथंच धोंड्यावर बसले. पुडी सोडून पहिली गोळी त्यांनी मानसिंगला समोरच गिळवली.

पुढं तीन महिने मानसिंग आठवड्यातून एकदा येई. मास्तर दोन बोटं रोवत. चाराची तीन झाली, तिनाची एक, आणि श्रावण सरता सरता बोटाला काहीच लागेना. तरी मास्तरांनी आणखी चार आठवडे त्याला बोलावलंच.

पुढच्या सालच्या जत्रेत मानसिंगनं वाडीची पाच पोरं एका चढाईत बाद केली. सोनबा वर्षानंतर मास्तरांशी पहिल्यांदा बोलला. "घ्या. सुईनीनंच बाळंतपन केलं आन् पोर शेजाऱ्याला दिलं."

मास्तरांनी ऐकलं नाही. मानसिंग दम धरून पुन्हा आत शिरला होता, वाडीची चार पोरं त्याच्यावर तुटून पडली होती, आणि तो रेषेपार जाईपर्यंत मास्तरांनीही आपला दम सोडला नाही.