निळी, पांढरी आणि खुलताबादचा घाट

बद्रीनाथमामांनी बोटाच्या पेरानं ठोकून बघितल्याशिवाय त्या घरात कुकरसुद्धा येत नसे. ठोकायचं, कान लावायचा, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "हलका माल हाय." मुकुंदवाडीतली निम्मी गल्ली कूलर घ्यायला निघाली की आधी मामांना रिक्षात घालायची. उभी हयात त्यांनी खुलताबादकडच्या खेड्यातून शहरात मोटारसायकलवर दूध आणलं, दोन्ही अंगांना कॅन लटकवून. आता गुडघे बोलायला लागले म्हणून धंदा सोडला, पण घाटातला दगड न् दगड आपल्याला ओळखतो असं ते आल्यागेल्याला सांगायचे. दगड बिचारे कशाला नाही म्हणतात!

मोनिका त्यांची सून. सासऱ्याला ती मामा म्हणायची, सासू सरूबाईला आत्या, आणि दोघांपुढं आवाज चढवायची तिची प्राज्ञा नव्हती. नवरा सुदर्शन वाळूजला कंपनीत. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, त्यामुळं घरात असला तरी तो बहुधा झोपलेला असायचा. अशा घरात धुणीभांडी उरकून मोनिकानं लॅबचा कोर्स पुरा केला, आणि आता खुलताबादच्या एका दवाखान्यात तिला रक्त तपासायची नोकरी लागली होती. लोक तपासणीला सकाळी उपाशीपोटी येणार, म्हणजे लॅबवाली वेळेवर हजर पाहिजे. आधी स्टँडवर, मग एसटीनं, असं करून ती एकदा जाऊन बघून आली, तर पोचेपर्यंत कंटाळलेल्या लोकांनी हॉटेलात पोहे खाऊन घेतले होते. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण स्पष्ट बोलल्या, "एक तारखेपासून वेळेत जमत असेल तर या. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे."

म्हणजे गाडी पाहिजे. पेट्रोलच्या गाडीत अर्धा पगार टाकीतच ओतावा लागला असता, म्हणून इलेक्ट्रिक. इथं सरूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "बाईमाणसानं रोज घाट चढायचा? कशाला पाहिजे असली नोकरी? आपण काय उपाशी मरायलोत का?"

मामांनी हात वर केला. "गाडी मी बघतो. दोघांला घेऊन घाट चढली, उतरली, घरी धड आली, तर पास. मी पास केली तर नोकरी. नाय केली तर घरी बसायचं, अन् परत विषय काढायचा नाय."

झालं. मोनिकाचं शिक्षण, तिची नोकरी, सगळं आता दोन चाकांवर येऊन बसलं. तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गाड्या दोन ठरल्या. एक निळी, महागडी, कागदावर पल्ला कमी. दुसरी पांढरी, स्वस्त, एका चार्जिंगमध्ये कितीतरी लांब जाते म्हणून जाहिरात केलेली, समोर हा एवढा स्क्रीन. पांढरी विकणाऱ्या शोरूममध्ये मामांचा सख्खा भाचा राजकुमार कामाला होता. "मामा, गाडी आपल्याकडूनच," असं तो म्हणाला होता आणि मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून "तुझ्याकडूनच रे" म्हटलं होतं. हे मोनिकानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग तपासणी कशाची करायची, कपाळाची? पण बोलणार कोण.

पहिल्या रविवारी निळी. शोरूमवाला एवढ्या लांब द्यायला कुरकुरत होता. मामांनी आपली जुनी मोटारसायकल तारण म्हणून त्याच्या दारात उभी केली आणि सुनेला म्हणाले, "चल, चालव." मागं बसून त्यांनी सगळ्या खोडी काढल्या. सीट कडक आहे, डिकीत हेल्मेट मावत नाही, आरसा थरथरतो. पण घाट लागला तशी त्यांची बोलती बंद झाली. निळी दोघांना घेऊन अशी चढली की रस्ता सपाटच असावा. उतरताना तर मोनिकाला जादूच वाटली. मूठ सैल सोडली की मोटरच गाडीला धरून ठेवायची, ब्रेकला फक्त बोट लावायचं, आणि स्क्रीनवर बॅटरीचा आकडा एका जागी ठरून राहायचा, एखादा अंक तर वरसुद्धा सरकला. तिचं मन त्या गाडीवर बसलं ते बसलंच.

"कशी वाटली, मामा?"

"बरी हाय," मामा म्हणाले. "किंमत मात्र सोन्याची लावली."

दुसऱ्या रविवारी पांढरी. ऑक्टोबरचं ऊन कडक पडलेलं. राजकुमारनं गाडी पुसून, हार घालून दिली. दौलताबादपर्यंत पांढरी छानच पळाली, खोटं कशाला बोला. सीट मऊ, डिकी मोठी. मोनिकालाही वाटलं, चला, हीच पास झाली तरी नोकरी तर मिळेल. घाट लागला आणि गाडी दमायला लागली. शेवटच्या वळणावर स्क्रीनवर लाल खूण पेटली आणि वेग इतका पडला की उसानं भरलेला ट्रॅक्टर त्यांना मागं टाकून गेला. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून हसून घेतलं. मोनिकाच्या मनात आलं, रोज सकाळी एकटीनं, मागून एसट्या येत असताना, असंच रांगायचं का?

"मामा, ही दमायली."

"ऊन लई हाय आज. मशीन हाय ते, तापणारच," मामा म्हणाले. आवाजात मात्र नेहमीचा खणखणीतपणा नव्हता.

खुलताबादला चहा पिऊन परत फिरताना मामांनी स्क्रीनकडं पाहिलं. आकडा निम्म्याच्या खाली गेलेला. मुकुंदवाडी अजून कुठल्या कुठं. गाडी वाटेत बंद पडली तर भाच्याला दिलेला शब्द गेला आणि सगळ्या गल्लीत हसं. त्यांनी डोक्याचा रुमाल आवळला.

"सरक मागं. उतार मी घेतो."

"मी घेते ना, मामा."

"सरक म्हणलं ना."

आता इथं दूधवाल्यांची एक रीत सांगायला पाहिजे. घाटाच्या तोंडाशी आले की हे सगळे गडी गाडी बंद करायचे. चावी फिरवली, गिअर काढला, की खालच्या दगडी दरवाज्यापर्यंत फुकटात घसरत जायचं. कोण किती लांब जातो यावर पैजा लागायच्या आणि मामा त्यात मशहूर. उतारावर पेट्रोल जाळणारा म्हणजे त्यांच्या लेखी अक्कलशून्य. तेव्हा मामांनी काय केलं असेल? घाट सुरू होताच मुकाट चावी बंद केली.

स्क्रीन काळा झाला. मोनिकाला आधी कळलंच नाही, मग एकदम गाडी हलकी झाल्यासारखी वाटली. मोटरची ती धरून ठेवायची ओढ गेली होती. गाडी मोकाट सुटली होती.

"मामा! बंद का केली?"

"उतारावर करंट कामून जाळायचा?"

"अहो, चालू ठेवली की उलट चार्ज होती! मोटरच आवरती गाडी! चालू करा!"

"मला नको शिकवू. या घाटात माझे केस पांढरे झाले."

पहिलं वळण निभावलं. दुसऱ्याला मामांनी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी जरा कमी झाली, पण सोडले की पुन्हा धावू लागली. हलकी मोटारसायकल वेगळी आणि पोटात बॅटरीचं धोंडं घेतलेली, वर दोन माणसं बसलेली ही गाडी वेगळी. तिसऱ्या वळणाला मामांनी ब्रेक धरूनच ठेवले आणि मोनिकाच्या नाकात जळका वास गेला. ब्रेक मुठीपर्यंत येऊन टेकला होता आणि गाडीला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मामांची पाठ ताठ झाली. त्यांनाही कळलं होतं.

खाली दरवाजा दिसू लागला. जुनी दगडी कमान, एका वेळी एकच मोठी गाडी जाईल एवढी. आणि त्या कमानीतून एसटीचं लाल तोंड बाहेर येत होतं.

मामांनी हॉर्न दाबला. हॉर्न बंद. "ओ! बाजू! बाजू!" ते ओरडले. एसटीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? मोनिका किंचाळली, "चावी, मामा, चावी!" मामांनी चाचपडत चावी फिरवली. स्क्रीन उजळला. त्यावर सावकाश एक कमळ उमललं, मग दोन हात जोडलेले आले आणि अक्षरं उमटली, 'नमस्कार, आपला प्रवास सुखाचा होवो.' आग लागो त्या नमस्काराला! एसटी समोर वाढत होती. गाडी अजून जागी होत होती.

डाव्या अंगाला रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा ढीग टाकलेला होता. मोनिकानं तो पाहिला, मामांचा डावा दंड धरून ओढला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "मातीत घाला! मातीत!" पुढचं चाक मुरमात रुतलं, गाडी आडवी झाली, दोघं ढिगावर आदळली. एसटी करकचून थांबली, ती वीतभर अंतरावर असेल.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ बाबा, हॉर्न तरी मारायचा! सुनेला मारता का लेकीला?" दोनचार माणसं उतरली, गाडी उचलून दिली, पाणी दिलं आणि एसटी निघून गेली. मोनिकाचं कोपर सोललं होतं, मामांचा गुडघा फुटला होता. हाडं शाबूत होती, नशीब. मामा मुरमावरच बसले होते. त्यांना रुमालाला गाठ मारता येईना. मोनिकानं पुढं होऊन त्यांच्या गुडघ्याला रुमाल बांधला. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता.

ब्रेक गार होऊन पुन्हा धरायला लागले तेव्हा मामा बोलले. "घरी सांगू, ब्रेक लागलं नाय."

 मोनिकानं गाडी चालू केली, स्क्रीनचा तो नमस्कार पुरता होऊ दिला आणि त्यांना मागं बसवलं. वाटभर तिच्या डोक्यात एकच. ब्रेक लागले नाहीत म्हटलं की आत्या म्हणणार, बघा, मी सांगत होते. इलेक्ट्रिक गाडीच नको, घाटही नको, नोकरीही नको. एक तारखेला दुसरी मुलगी त्या टेबलावर बसेल. आणि खरं सांगितलं तर? ज्या माणसापुढं तिनं आजवर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्याला त्याच्याच घरात खोटं पाडायचं. मिटमिटा गेलं, छावणी गेली, तरी तिचं ठरेना. 

दारात सरूबाई उभ्याच होत्या. रक्त बघून त्यांनी छाती पिटली. सुदर्शन झोपेतून उठून बनियनवर बाहेर आला. "काय झालं?"

"गाडीचं ब्रेकच लागलं नाय," मामा म्हणाले. पडले तरी नाक वर ते हेच. "खालच्या दरवाज्यापाशी एसटीच्या पुढ्यात. देव आडवा आला म्हणून वाचलो."

"मी बोंबलत होते!" सरूबाईंना तोंडच फुटलं. "नको ती गाडी, नको ती नोकरी! उद्या त्या डॉक्टरीणबाईला फोन करून सांग, मोनिका, जमत नाय म्हणून. सुदर्शन, सांग तिला."

सुदर्शननं मान हलवली. "आई बरोबर बोलायली."

 मोनिकाचा आवाज निघाला तो तिलाच ओळखू आला नाही. "मामांनी चावी बंद केली होती."

सरूबाई मामांकडं वळल्या.

"घाट सुरू झाला तशी बंद केली. मी सांगत होते, चालू करा. ती चालू असती तर मोटरनं धरली असती. हॉर्नपण वाजला असता."

सुदर्शन बापाकडं बघत राहिला. मामांनी वर पाहिलंच नाही. सगळ्यांना वाटलं, आता आभाळ फाटणार. पण बोलल्या त्या सरूबाई, आणि अगदी हळू.

"सुदर्शनला पोटाशी धरून मी तुमच्या गाडीवर मागं बसायचे. माहेरून येताना. तवाबी बंद करायचात का?"

 मामा जमिनीकडं बघत होते, आणि तेवढ्यानं सरूबाईंना उत्तर मिळालं. त्या आत गेल्या, हळद-तेल घेऊन आल्या आणि नवऱ्याचा गुडघा तसाच सोडून आधी सुनेचं कोपर धरलं.

"कोणती गाडी घ्यायची, मोनिका? तू सांग."

"निळी, आत्या."

"महाग हाय ती," सुदर्शन म्हणाला.

"निळीच घ्या." हे मामा बोलले. घसा खाकरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "पांढरी चढावरच दमली होती. ट्रॅक्टर पुढं गेला तवाच मला कळलं, ही गाडी या घाटाची नाय. राजकुमारला शब्द दिला होता म्हणून बोललो नाय." ते सुनेकडं वळले. "रोज तुला तिच्यावर धाडलं असतं मी. भाच्यापायी."

मोनिकाला त्यांचा फार राग आला. इतका की तिला तिथून उठून जावंसं वाटलं. पण हा माणूस आपल्यापुढं असं बोलतोय हे बघून तिचे डोळेही भरून आले, आणि तिला दोन्ही एकदम आवरेना. तिनं सरूबाईंच्या हातातली हळदीची वाटी घेतली आणि मामांच्या गुडघ्यापाशी बसली.

मामा कळ सोसत म्हणाले, "उद्या शोरूमला जाशील तर मी येऊ का संगं?"

"या," मोनिका म्हणाली. "पण चालवणार मी."